लाखबंद माग

फार फार जुनी गोष्ट आहे. ती कोणत्या राजाच्या राज्यात घडली, हे सांगणारेही आता विसरले. एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती आणि दोन्ही गावांत घरोघरी माग चालायचे.

अलीकडच्या गावात सटवाजी सुतार राहायचा, पलीकडच्या गावात लिंबाजी. दोघे एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले. गुरूनं दोघांनाही नक्षीचा माग करायला शिकवलं होतं. त्या मागाला लाकडी पट्ट्यांची माळ लावायची. पट्टीवर जशा खुंट्या, तसे धागे उचलले जायचे आणि तशी नक्षी कापडात उतरायची. माळ बदलली की नक्षी बदलायची.

गुरू गेल्यावर दोघं आपापले माग बनवू लागले.

लिंबाजीचा माग उघडा असायचा. येईल त्याला तो आतली रचना दाखवायचा. त्यामुळे पलीकडच्या गावात जो तो आपल्या मागात फेरफार करू लागला. एकाच्या पट्ट्या दुसऱ्याच्या मागाला बसेनात. भांडणं व्हायची आणि माग शिकायलाही वेळ लागायचा.

सटवाजीचा माग देखणा होता आणि भरभर चालायचा. गुरूच्या रचनेत त्यानं स्वतःच्या डोक्यानं दोन खुंट्या वाढवल्या होत्या. पण ती सगळी रचना त्यानं एका पेटीत घातली, पेटी लाखेनं बंद केली आणि लाखेवर आपला शिक्का उमटवला. शिक्का मोडणाऱ्याचा माग परत नेईन, अशी तंबीही दिली. त्याच्या पट्ट्या दुसऱ्या कोणत्याच मागाला बसत नसत. पेटीत आहे तरी काय, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, ही माझी विद्या आहे, तुम्हाला कळायची नाही.

विणकरांनी ते मानलं. माग चालतोय ना, मग आत बघायचं कशाला? येसाक्का नावाच्या म्हाताऱ्या विणकरणीनं तर आईकडून आलेली सगळी वेलबुट्टी सटवाजीकडून पट्ट्यांवर उतरवून घेतली. गाठींच्या खुणांनी नक्षी नोंदवून ठेवलेले जुने दोर आता लागणार नाहीत, म्हणून तिनं चुलीत घातले.

एके सकाळी सटवाजीला घरच्या मागाखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला. तो चरकला. लाकडाला कीड लागली होती. गावातल्या सगळ्या पेट्या आणि पट्ट्या त्यानं एकाच झाडाच्या केल्या होत्या.

अजून वेळ गेलेली नव्हती. पेट्या उघडून कडुनिंबाचं तेल लावलं असतं तर भागलं असतं. पण पेटी उघडली की आतलं सगळ्यांना दिसणार. आत तर बहुतेक सगळं गुरूचंच होतं. सटवाजीनं धोतराच्या सोग्यानं भुसा पुसला आणि तो गप्प बसला.

चार दिवसांनी येसाक्का चिमूटभर भुसा तळहातावर घेऊन आली. सटवाजीनं तिच्याकडे न बघताच सांगितलं, की नव्या लाकडाचा भुसा पडतोच, काळजी करू नका. तिनं विश्वास ठेवला. ती वळून गेली तेव्हा तिला हाक मारावी असं त्याला वाटलं, पण त्यानं मारली नाही.

महिना झाला आणि माग एकेक करून बंद पडू लागले. शिक्का मोडायची कुणाची छाती होईना. बातमी नदीपार गेली. लिंबाजी चार विणकरांना घेऊन, तेल आणि पटाशी घेऊन आला. तो कुणाच्या घरात न शिरता सरळ सटवाजीच्या दारात उभा राहिला. मागोमाग सारा गाव जमला.

येसाक्का पुढे झाली. "शिक्का तू मोडतोस, की मी मोडू?"

सटवाजीनं आपल्या मागाच्या पेटीची लाख फोडली. झाकण निघालं. पलीकडचे विणकर वाकून बघू लागले आणि आतल्या एकेका भागाचं नाव घेऊ लागले. त्यांना सगळं ओळखीचं होतं. अनोळखी होत्या त्या फक्त दोन खुंट्या.

लिंबाजीही पेटीवर वाकला. मग म्हणाला, "गुरुजींनी शिकवलं तसंच ठेवलंयस."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते सटवाजीला जास्त लागलं.

येसाक्कानं विचारलं, "कीड तुला कधी दिसली होती?"

आता खोटं बोलणं त्याच्याच्यानं होईना. "तुम्ही भुसा घेऊन आलात, त्याच्या चार दिवस आधी."

कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी अंगावर धावून आलं नाही. येसाक्का घरी गेली आणि तिनं आपल्या पट्ट्यांची माळ उचलली. माळ तिच्या हातातच भुगा होऊन गळाली. तिनं आईची वेल आठवून पाहिली. अर्धी आठवली, उरलेली काही केल्या आठवेना. ती जाणणारं दुसरं कुणी जगात उरलं नव्हतं.

लिंबाजीच्या माणसांनी वाचण्यासारखे माग वाचवले. पुढे सटवाजी उघडे माग करू लागला. आपल्या दोन खुंट्या त्यानं नदीपार जाऊन घरोघरच्या मागांना बसवून दिल्या. दोन्ही गावांच्या सुतारांनी मिळून पट्ट्यांचं एक माप ठरवलं, आणि एका गावची माळ दुसऱ्या गावच्या मागाला बसू लागली. लोकांनी त्याला माफ केलं, सणावारी जेवायला बोलावलं, पाटही पुढचा मांडला. तो मात्र दरवेळी उठून दाराजवळच्या शेवटच्या पाटावर जाऊन बसायचा. तसं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. येसाक्का वाढायला आली की त्याची मान आपोआप खाली जायची.

तात्पर्य: गुरूकडून मिळालेली विद्या जो एकट्याची म्हणून कोंडून ठेवतो, तो दुसऱ्याचं न भरून येणारं नुकसान करतो आणि स्वतः मान वर करून बघायचं सुख गमावतो.