पाहुणीचे कोंब

बाळांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक म्हातारी हरिणी राहत असे. चैत्र लागला की तिला करवंदांची आठवण यायची. लहानपणी आईच्या मागे मागे जाऊन तिने ज्या उतारावर काळीभोर करवंदे खाल्ली होती, त्या उताराकडे तोंड करून ती तासन्‌तास उभी राही. पण तिथे आता करवंदीची एकही जाळी दिसत नसे. वाऱ्यावर कुठून तरी बी उडत आले होते आणि त्याची परमुलखातली वेल उतारभर पसरली होती.

ही वेल नवी नवी आली, तेव्हा प्राण्यांनी तिचे नाव ठेवले पाहुणी. तिथेच सगळे फसले. पाहुण्याला कोणी खाते का? वेलीला तोंड लावायचे नाही असे ठरले आणि सर्वांनी ते इमानाने पाळले. वसंतात गवत वाळून जाई, पोटे खपाटीला जात, तरी तिच्या लुसलुशीत कोंबांना वळसा घालून सगळे पुढे जात. पाहुणी मजेत वाढत राहिली. इकडे हरिणीचे दात पडू लागले. मरण्याआधी एकदा तरी ती चव जिभेवर यावी, एवढेच तिला वाटे.

एका सकाळी तिला राहवले नाही. ती वेलीत शिरली. पाने सारून सारून थकली, तेव्हा वाटेत आलेला एक कोंब तिने सरळ दातांनी तोडला. कोंब आंबूस आणि रसाळ निघाला. नेमका तिथून ससा चालला होता. रीतभात सांभाळण्यात त्याचा हात धरणारे जंगलात कोणी नव्हते.

"आजी, पाहुणीला खाल्लंस?" त्याने विचारले.

"घरच्यांनाच झाकून टाकते, ती पाहुणी कसली रे? ही भाजी आहे. खाऊन बघ."

सशाने इकडेतिकडे पाहून एक कोंब खाल्ला. मग दुसरा. मग त्याची रीतभात जी पळाली, ती काही परत आली नाही. हळूहळू हरणे, ससे, सांबरे सगळीच उतारावर चरायला येऊ लागली. वेलीला फुलायला फुरसतच मिळेना. वैशाख सरता सरता तिच्याखाली करवंदीची एक फिकट, खुरटलेली जाळी दिसली. तिला फळ नव्हते. उशिरा आलेले एकच पांढरे फूल होते. हरिणीने ते हुंगले आणि तिचे डोळे भरून आले.

पुढल्या वर्षी करवंदे नक्की येतील, असे ससा तिला समजावू लागला.

"येतील रे," हरिणी म्हणाली, "पण आपण जरा लवकर भीड सोडायला हवी होती."

पुढल्या वैशाखात जाळी करवंदांनी लगडली. हरिणी तेव्हा नव्हती. सशाने पहिले पिकलेले करवंद तोंडात घेतले. ते न खाताच तो आजी जिथे उभी राही तिथे घेऊन गेला. तिथे ते ठेवून तो तिच्यासारखाच उताराकडे तोंड करून उभा राहिला.

तात्पर्य : जिवाभावाच्या गोष्टीची नुसती आठवण काढत बसू नये, तिच्या वाटेत भीड आडवी आली असेल, तर ती वेळ असतानाच बाजूला सारावी.