मक्याच्या गळ्यातला दोरा

एका डोंगरगावात एक शेतकरी राहत असे. लोक त्याला जपूनराव म्हणत. पायाखाली साप नाही ना, हे पाहत चालताना त्याने दोनदा झाडावर कपाळ आपटून घेतले होते.

त्या वर्षी बायकोने मक्याच्या बुडाशी घेवडा टोकला. तिच्या माहेरची ती रीत. मका गुडघ्याला लागला, तसे वेल त्यावर चढू लागले. प्रत्येक धाटाला वेढा पडलेला पाहून जपूनरावाने बायकोला हाक मारली.

"अगं, हा मक्याचा गळा आवळतोय."

"आधार घेतोय तो. घेवडा जमिनीला कस देतो, मका त्याला खांदा देतो."

"खांदा कुणाला देतात, ठाऊक आहे ना?"

घरात वर्षभर खायला तोच मका होता. जपूनरावाची झोप उडाली. वेल उपटावेत तर बायकोची भीती, ठेवावेत तर वेलाची. शेवटी त्याने वाकळ शिवायचा दोरा घेतला आणि बांधाकडच्या पाच ओळींत एकेका धाटाला घट्ट बांधला. दोरा सैल पडला की समजायचे, गळा आवळला गेला. रोज सकाळी तो दोरे चाचपून पाही. एकही सैल पडेना. तेव्हा त्याला वेल लबाडही वाटू लागला.

कणसे भरत आली आणि एका दुपारी वारा सुटला. जपूनराव धावत शेतावर पोचला, तेव्हा त्या पाचही ओळी आडव्या झाल्या होत्या.

"सांगत होतो मी," तो पुटपुटला आणि उरलेल्या शेतातले वेल तोडायला त्याने विळा उचलला.

मागून आलेली बायको म्हणाली, "अहो, आधी मोडलंय कुठं ते तरी बघा."

त्याने वाकून पाहिले. प्रत्येक धाट एकाच उंचीवर मोडले होते. धाट जाड होत गेले, पण दोरा तेवढाच राहिला आणि आत रुतला. वेलाच्या वेढ्याखालून मात्र बोट सहज फिरत होते. पलीकडच्या ओळी वेलांसकट उभ्या होत्या.

बायकोने एक दोरा उकरून काढला, उजेडात धरला.

"माझी वाकळ अर्धी का राहिली, ते आज कळलं."

जपूनरावाने विळा खाली ठेवला. त्या हिवाळ्यात दोघांनी पाच ओळींचा मका कमी खाल्ला आणि अर्ध्या वाकळेत थंडी काढली.

तात्पर्य काढायचेच तर हे: काळजीपोटी कुणाला गाठ मारलीच, तर ती त्याला वाढू देते आहे ना, हेही अधूनमधून पाहावे.