चुकलेलं भाकीत

दरबारात वैद्य चिमाबाईंना महाराजांनी शाल दिली आणि राजज्योतिषी धुंडिराजशास्त्र्यांच्या पोटात दुखू लागलं.

"महाराज, या बाईंना शाल कशासाठी?" ते कडाडले. "खाडीकाठची पोरं यंदा रक्त आटून पांढरीफटक पडतील, असं या म्हणाल्या होत्या. पोरं तर लालबुंद आहेत! घाटावरची पोरं तशी होतील, असं मी सांगितलं होतं. झालीच की नाही?"

"मी खाडीकाठी घरोघर नाचणी, गूळ, अळीव पोचवले, म्हणून माझं भाकीत चुकलं," चिमाबाई म्हणाल्या. "शास्त्रीबुवा, घाटावरचं तुम्हाला वर्षभर आधी कळलं होतं. मग त्या पोरांसाठी तुम्ही काय केलंत?"

आपलंही भाकीत चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं शास्त्रीबुवांना जन्मात पहिल्यांदाच वाटलं.