आंबेखोलच्या दोन रेघा

दिल्लीत शिकत असताना शाल्मली परबने गावच्या देवळापुढच्या, नुसत्या ऐकलेल्या शिलालेखाची मनात किती चित्रं रंगवली होती. राजाचं नाव, शक, झऱ्याच्या दानाची वळणदार अक्षरं. गावी राहायला आल्यावर पाहिला तर तो पुरुषभर उंच कोरा दगड होता आणि त्यावर फक्त दोन उभ्या रेघा, दुसरी जराशी आखूड. पोथीत अर्धा श्लोक झाला की एक आणि पुरा झाला की दोन रेघा असतात ना, तशा. श्लोकाचा मात्र पत्ता नाही.

गावसभेचंही तेच. वरच्या वाडीच्या झऱ्याचं पाणी नळाने खालच्या वाडीला न्यायचं, एवढंच काम. तासाभरात होईल असं तिला वाटलं होतं. पण इथे बोलणं संपलं की माणूस हातातली काठी दगडापुढच्या खळग्यात उभी करतो आणि पुढचा ती उचलतो. शेजारच्या खळग्यात दुसरी काठी उभी राहीपर्यंत विषय मिटत नाही. सभेमागून सभा झाली, ती काठी काही उभी राहीना. झरा ज्यांच्या बागेत, ते अनंत घाडी दर वेळी झऱ्यावरच्या फणसापासून सुरुवात करत आणि आजोबांच्या बैलापर्यंत जात. तिकडे खालच्या बायका हंडे घेऊन घाटी चढतच होत्या.

त्या संध्याकाळी शाल्मलीचा संयम सुटला. आपलं बोलून तिने पहिली काठी रोवली आणि त्याच हाताने दुसरीही. घाडी तडक उठून गेले.

"ती काठी तुझी नव्हती गो बाय," देवळाचे म्हातारे गुरव म्हणाले. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात ती हकीकत त्यांनी तिलाही सांगितली.

फार पूर्वी या झऱ्याचं दान कोरायला पाथरवट आला होता म्हणे. वरची वाडी पाणी द्यायला तयार होती, पण तिची एक अट होती. त्यावर खालच्या वाडीची एक अट निघाली. सगळं कोरता कोरता दगड भरला, घासून कोरा केला, पुन्हा भरला. पाथरवट अगदी जेरीस आला. तेव्हा खालच्या वाडीची भागीरथी दगडापुढे उभी राहिली. माझं बोलून झालं, म्हणाली. माझ्याशेजारी कोणी उभं राहीपर्यंत बसणार नाही, पाण्याला शिवणार नाही. दिवस मावळला, उगवला. लोक बोलतच होते. शेवटी झऱ्याचा मालक, सर्वांत जास्त अडून बसलेला, बोलता बोलता थांबला आणि तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्या क्षणी दगडावरची अक्षरं विरून गेली, असं सांगतात. उरल्या त्या दोघांच्या सावल्या. पाथरवटाने तेवढ्याच कोरल्या. मालक वाकलेला म्हातारा होता, म्हणून दुसरी रेघ आखूड.

"आणि मालक आलाच नसता तर?" शाल्मलीने चिडून विचारलं. "तोवर बायकांनी हंडेच वाहायचे?"

"ता माका ठाऊक नाय," गुरव म्हणाले. "पण भागीरथीन त्याका ओढून नाय आणल्यान."

आजही आंबेखोलात पहिली काठी बोलणाऱ्याची आणि दुसरी समोरच्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मलीने आपण रोवलेली दुसरी काठी उपटली, घाडींच्या ओटीवर नेऊन ठेवली आणि खाली बसत म्हणाली, "काका, त्या फणसापासून सांगा."