काडीमोडाच्या आदल्या दिवशी

“…ते समदं खरं बाबा, पण ही चालढकलीची खोड मोडायची कशी?”

तुळशीरामनं हात जोडले. गैबीबाबांनी त्या जोडलेल्या हातांकडे संशयानं पाहिलं. गावाबाहेरच्या चिंचेखाली या फकिराचा मुक्काम होता, आणि हात जोडून येणाऱ्यांवर त्याचा सहसा विश्वास बसत नसे.

“कशाची चालढकल?”

“बायकोला, गजराला आणायची. चार महिने माहेरी हाय. रोज ठरवतो, उद्या निघायचं… आन् ऱ्हातं.”

“अन् आज का आलास?”

“उद्या दुपारी तिच्या गावात पंच बसणार. गजराच्या हातात काडी देणार. तिनं मोडली की संसार संपला.”

बाबा झाडू घेऊन पाचोळा लोटत होते. ते थांबले नाहीत.

“सोमवारचा बाजार कधी चुकला तुझा?”

“न्हाई.” तुळशीरामची मान ताठ झाली. तो बैलांचा व्यापारी. “पंचक्रोशीत इचारा. तांबडं फुटायच्या आत माझी दावण लागलेली असती.”

“बैलांची वैरण?”

“एक डाव उपाशी ऱ्हाईन, पण त्यास्नी…”

“मग हा आळस तुला सासुरवाडीच्या वाटंवरच गाठतो व्हय रं?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते तुळशीरामच्या चेहऱ्यावर दिसू लागलं.

“भांडण कशावरनं?”

“एक बैल घेतला. ती म्हनली, दात बघा, म्हातारा हाय. चार गिऱ्हाइकांसमोर म्हनली. मी… मी तिला तिथंच हाकललं.”

“अन् बैल?”

“…म्हाताराच निघाला.”

बाबा आता त्याच्यासमोर येऊन बसले.

“मला वेगळाच वास येतोय, तुळशीराम. तुला खोड न्हाई. तू हिशेबी हाईस.”

“म्हंजी?”

“तू गेलास तर चार माणसांत तिला ‘तुझं खरं’ म्हणावं लागंल. न्हाई गेलास, तर काडी ती मोडंल. गाव तिला नावं ठेवंल. तुझी कीव करंल.”

चिंचेचा पाला हलत होता. तुळशीरामनं मान खाली घातली.

बाबांनी झाडूची एक काडी उपसली. त्याच्या तळहातावर ठेवली.

“घे. तूच मोड. तिला कशाला तरास?”

तुळशीरामची बोटं काडीवर आली. तिथंच थांबली. बाजारात मुसंडी मारणारा बैल वेसणीला धरून आवरणारा हा गडी, पण ती काडी त्याच्यानं वाकवेना. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

“न्हाई हुणार माझ्यानं. तिच्याबिगर घर खायला उठतं, बाबा.”

“मग ऊठ.”

तुळशीरामनं डोळे पुसले. मान वर करून सूर्य किती कलला ते पाहिलं.

“आता पोचायला अंधार हुईल. पहाटंच निघतो. पंच बसायच्या आत पोचतोच. देवाशपथ.”

बाबांनी त्याच्या तळहातावरची काडी उचलली.

कट्.

तुळशीराम ताडकन उभा राहिला. दोन तुकडे मातीत पडले होते. त्यानं वाकून ते गोळा केले आणि तुटलेली टोकं एकमेकांना लावून पाहिली.

“काय केलंत हे… बाबा, काय केलंत?”

बाबा पुन्हा झाडू घेऊन उठले.

“बाबा… मोडलं का माझं?”

“ही माझ्या झाडूची हुती. तिची अजून अख्खी हाय.”