रानातला दुसरा नाताळ

सोनटाकळीची वेस संपते तिथे कृषी विद्यापीठाचे कुंपण सुरू होते, आणि त्या कुंपणाला पाठ लावून एक कौलारू घर उभे आहे. शांतवनबाबा त्याच घरात राहत. गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकपदावरून निवृत्त झाल्यावर माणसे नातवंडांत जाऊन रमतात; बाबांनी मात्र परक्या देशांतून शिकायला आलेली पोरे आपली म्हणून जवळ केली. इथिओपिया, मलावी, नेपाळ, अफगाणिस्तान, कुठून कुठून मुले विद्यापीठात पीएच.डी. करायला येत. इथली भाषा कळत नसे, तिखट सोसत नसे, घरची आठवण आली तर ती सांगावी असे कुणी नसे. शनिवारी संध्याकाळी बाबांच्या ओट्यावर त्या सगळ्यांची पंगत बसे. बाबा स्वतः भाकरी थापत, आणि जेवणाआधी ज्याने त्याने आपापल्या भाषेत देवाचे नाव घ्यावे, एवढाच तिथला नेम. कोण ख्रिस्ती आणि कोण नाही, हे बाबांनी कधी विचारले नाही. कुणी छेडलेच तर ते म्हणत, "भाकरी वाढताना मी ताटाकडं बघतो."

या पंगतीत इथिओपियाची मेसेरेत नावाची मुलगी असे. शेतावरच्या बायांच्या जिभेला ते नाव वळेना, म्हणून त्यांनी परस्पर तिची मीरा करून टाकली होती, आणि तिलाही ते गोड वाटे. मराठी ती त्या बायांकडूनच शिकली होती. तिचे संशोधन ज्वारीवर होते. तिच्या देशातली ज्वारी आणि आपली ज्वारी यांच्या संकरातून कमी पाण्यावर तग धरणारे वाण तिने विद्यापीठाच्या शेतात एका तुकड्यावर उभे केले होते. शिष्यवृत्तीचे ते शेवटचे वर्ष. दाणा हाती लागला तर पदवी. गेला तर रिकाम्या हातांनी घरी परतायचे.

तिचे मार्गदर्शक डॉ. इम्मानुएल भिंगारदिवे. मोठे विद्वान, शिवाय मंडळीच्या कमिटीतले वजनदार पंच, आणि यातली एकही गोष्ट समोरच्याला विसरू न देणारे. बाबांची पंगत त्यांच्या डोळ्यांत सलत असे. ही सेवा नव्हे, खानावळ आहे, असे ते चारचौघांत बोलून दाखवत.

त्या वर्षी पंचवीस डिसेंबरला मंडळीचे प्रीतिभोजन झाले. मटणाचा रस्सा होता, केक होता. मेसेरेतने भाकरी, डाळ आणि ठेचा एवढेच वाढून घेतले. कुणीतरी कारण विचारले, तेव्हा तिने भाबडेपणाने सांगितले की तिच्या देशात प्रभूचा जन्मोत्सव सात जानेवारीला असतो, आणि तोवर मांस, दूध, अंडी वर्ज्य. दीड महिन्याचा तो उपास तिने लहानपणापासून एकदाही मोडला नव्हता.

भिंगारदिवे सर सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे हसले. "पंचवीस तारीख साऱ्या जगाला ठाऊक आहे. तुमच्याकडे प्रभूला पोहोचायला उशीर होतो वाटतं?"

पंगतही हसली. मेसेरेत मान खाली घालून ताटाकडे बघत राहिली. परक्या गावात सण घरच्यांवाचून काढण्याचे दुःख असतेच. पण आपला सणच चुकीचा आहे हे भरल्या पंगतीत ऐकणे फार जड जाते. तेवढ्यात शांतवनबाबा उठून तिच्या शेजारी येऊन बसले. आपल्यापुढची रश्श्याची वाटी त्यांनी सरकवून दिली आणि ठेच्याशी भाकरी खाऊ लागले. तुझा सण येईपर्यंत माझाही उपास, असे त्यांनी तिला सांगितले, आणि तो शेवटपर्यंत पाळला.

जानेवारी लागला. ज्वारी हुरड्यावर आली, आणि शेजारच्या गावात भोरड्या पाखरे उतरल्याची खबर आली. भोरड्यांचा थवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आभाळ काळे करीत येतात आणि बघता बघता कोवळी कणसे पिंजून मोकळ्या होतात. सरांनी हुकूम काढला: ज्याचा तुकडा त्याने राखावा. मेसेरेतने भीत भीत सात तारखेची सकाळ मागितली. एक नाताळ पुरला नाही का, असे विचारून सरांनी तिला झटकून टाकले. तुकडा सोडून गेलीस तर मुदतवाढीसाठी माझ्या दारी येऊ नकोस, असेही बजावले. त्या दिवसापुरता तिचा राखणीचा गडीसुद्धा त्यांनी काढून घेतला आणि पाटापलीकडे आपल्या स्वतःच्या नव्या वाणावर लावला. त्यावर जाळे होते, पाखरांना पळवणारे धडाडधूम यंत्र होते, तरी त्यांना गडीही हवा होता.

मेसेरेत बाबांकडे आली. "बाबा, औंदा सण नाय करत मी," एवढे म्हणाली आणि रडू लागली. ज्वारी सोडवत नव्हती आणि सणही सुटत नव्हता.

बाबांनी तिला ओट्यावर बसवले. मग म्हणाले, "पोरी, प्रभू जन्मले ते आधी कुणाला कळलं? मेंढपाळांना. अन् ते कुठं होते? रानात, राखणीला. तू राखण सोडू नको. आपण सणच तिकडं नेऊ."

सात तारखेला सूर्य वर आला तेव्हा शनिवारची सगळी पंगत ज्वारीच्या बांधावर होती. मेसेरेत आणि तिच्या देशातली मुले पांढऱ्या सुती वस्त्रांत आली होती. मलावीच्या चिकोंडीने ढोलके आणले होते, नेपाळच्या मुलांनी चूल मांडली होती, आणि बाबांनी स्वतः रांधलेली कोंबडीची लाल भाजी भांड्यात झाकून ठेवली होती. पाटावरून जाताना सरांनी हे पाहिले. "गोफण एकाच्याही हातात नाही," ते म्हणाले, "आणि म्हणे राखण!"

प्रार्थना सुरू झाली. सगळे गुडघ्यांवर आले, आणि नेमक्या त्या वेळी पंखांचा आवाज आला. मेसेरेतने डोळे उघडले. थवा माथ्यावर होता, अंगावर चादर पडावी तसा खाली येत होता. ती ओरडायला उठणार तोच बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले नव्हते. ते पुटपुटत होते, "देवा, यांनाही जेवू घाल. पण पोरीचं राहू दे."

पाखरे उतरली. आणि काय सांगावे! एकही पाखरू कणसावर बसले नाही. सगळी ओळींच्या मधल्या मातीत उतरली, आणि नाकतोडे, अळ्या टिपत फिरू लागली. हात पुरेल इतक्या अंतरावर कणसे डोलत होती, दुधाने भरलेली, आणि तशीच राहिली. मेसेरेत श्वास धरून बघत होती. आपण जागी आहोत ना, हेही तिला कळेना. "आमेन" म्हटल्याबरोबर अख्खा थवा एकदम उठला.

तो उठला तो थेट पाटापलीकडे. सरांचे यंत्र नेमके गप्प पडले होते, गडी न्याहारीला गेला होता, आणि जाळ्याचा एक कोपरा वाऱ्याने उचलला होता. तिथून पाखरे आत शिरली. सर एकटेच, हातरुमाल फडकवत, या टोकाहून त्या टोकाला धावत होते. कित्येक वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत चालली होती.

इकडे भाजीवरचे झाकण नुकतेच निघाले होते. दीड महिन्याच्या उपासानंतरचा पहिला घास मेसेरेतच्या हातात होता. तो तिने खाली ठेवला. खांद्यावरचे पांढरे वस्त्र ओढून काढले आणि ते फडकवत ती धावत सुटली. मागोमाग चिकोंडीचे ढोलके, आणि त्यामागे सगळा बांध, आपापल्या भाषेत ओरडत. थवा बिथरला, फाटला आणि डोंगराकडे निघून गेला. सरांचे वाण निम्म्याहून अधिक वाचले.

सर खाली बसले होते. समोर मेसेरेत उभी होती, धापा टाकत, वस्त्राला माती लागलेली. "सर, माझं पीक तिकडं बरं हाये," ती म्हणाली. "तुमचं बघायला आले." सरांना तिच्याकडे वर बघवेना.

ते सर्वांबरोबर पाट ओलांडून आले. तिच्या तुकड्यात शिरून एकेक कणीस हातात घेऊन त्यांनी पाहिले, कारण ते विद्वान होते आणि पाहिल्याशिवाय मानणारे नव्हते. मग बांधावर येऊन शांतवनबाबांच्या पायांशी वाकले. बाबांनी त्यांना खांद्याला धरून मधेच थांबवले.

"माझ्या नको. सण हिचा आहे."

सर मेसेरेतकडे वळले. "आज नाताळ आहे," ते म्हणाले. "मला पंगतीत घेशील का?"

मेसेरेतने बाजूला ठेवलेला घास उचलला. तिच्याकडे सणाला पहिला घास आपल्या माणसाच्या तोंडात आपल्या हाताने भरवतात. तिने तो सरांपुढे धरला. डॉ. भिंगारदिवे तिथेच, बांधाला लागून भोरड्यांच्या पावलांनी चाळलेल्या मातीत, गुडघे टेकून वाकले आणि लहान मुलासारखा त्यांनी तो घास घेतला.

तेव्हापासून सोनटाकळीत नाताळ दोनदा येतो. दुसऱ्या नाताळच्या भाकरी सर थापतात. त्या अजून त्यांना गोल जमत नाहीत, पण ताट कुणाचे आहे हे ते विचारत नाहीत.