गोदीच्या गळ्यातलं घुंगरू

काळझाडीच्या जंगलात एक न्यायी सिंह राज्य करत होता. आपण न्यायी आहोत हे तो रोज सकाळी स्वतःच जाहीर करायचा, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. त्या जंगलात गुन्हेगाराच्या गळ्यात घुंगरू बांधायची रीत होती. शिक्षा भोगून झाली तरी घुंगरू तसंच राहायचं.

गोदी मुंगूस अशीच एक घुंगरूवाली. दुष्काळात पोरं उपाशी होती म्हणून तिनं सरकारी खुराड्यातलं एक अंडं उचललं होतं. त्यासाठी हिवाळाभर तिनं राजगुहा झाडली. पण आता ती शिकारीला निघाली की आधी घुंगरू वाजायचं आणि उंदीर सावकाश, हसत हसत बिळात जायचे. पोरं पुन्हा उपाशीच. त्यांच्याकडे बघून तिचा जीव तुटायचा.

निवडणूक जवळ आली तशी एक दिवस दवंडी आली. "घुंगरूमुक्तीची प्रक्रिया सोपी करून सांगितली जाईल हो! मोकळा गळा, सुखी जंगल!"

प्रधान कोल्हेसाहेबांनी गोदीला प्रेमानं समजावलं. "अगदी सोपं आहे, मावशी. दरबारात यायचं, महाराजांना मुजरा करायचा, विनंती करायची. अट एकच. आवाज करायचा नाही."

गोदी श्वास रोखून, एकेक पाऊल जपून टाकत आली. मुजऱ्याला वाकली आणि घुंगरू वाजलं.

"दरबाराचा अवमान!" कोल्हेसाहेब ओरडले. तिच्या गळ्यात दुसरं घुंगरू आलं.

तेवढ्यात नदीपलीकडच्या विरोधी टोळीचा रणधीर लांडगा आत शिरला. त्याच्या गळ्यात इतकी घुंगरं की तमाशाचा फड आल्यासारखं वाटलं. महाराजांनी उठून त्याला मिठी मारली.

"रणधीरराव आजपासून आपल्या पक्षात! त्यांची वाट चुकली होती, मन नव्हे!"

कोल्हेसाहेबांनी दातांनी सगळी घुंगरं तोडली. हार घातला. मेंढरांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं.

"साहेब, माझं तर एकच अंडं होतं," गोदी म्हणाली.

"तिथंच चुकलं, मावशी. एका अंड्यासाठी महाराजांनी मिठी मारायची?"

दुसऱ्या सकाळी कळपातली निम्मी मेंढरं गायब होती. चौकशीला नवे मेंढपाळमंत्री रणधीरराव स्वतः बसले.

"लांडगा आला होता, सरकार," म्हातारी मेंढी म्हणाली.

"त्याचं घुंगरू ऐकलंस?"

"नाही."

"मग तो आलाच नव्हता. कुणाचं ऐकलंस?"

मेंढी खरं बोलणारी होती. "गोदीचं. पण ती बिचारी रोजच उंदरांमागं फिरते."

तिसरं घुंगरू आणलं गेलं. गोदीनं मान पुढे केली. प्रक्रिया तिला आता पुरती समजली होती.

घरी जाऊन तिनं पोरांना जवळ घेतलं. "बाळांनो, अंडं कधी चोरू नका. चोरायचंच तर आख्खं खुराडं चोरा, आणि निवडणुकीआधी महाराजांना भेटून या."